क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ च्या सुरुवातीला भारतातल्या क्रेडिट कार्डांनी १० कोटींचा आकडा ओलांडला. मॉलच्या दारात, विमानतळावर, पगार जमा होणाऱ्या बँकेच्या ॲपवर, कुठे ना कुठे कोणीतरी कार्ड पुढे करतंच. खालची उत्तरं भारतात राहून भारतीय बँकेचं कार्ड घेणाऱ्यांसाठी आहेत. हिशेबात जिथे व्याज आलं आहे तिथे दरमहा ३.६ टक्के धरलं आहे, कारण बऱ्याच मोठ्या बँकांचे नेहमीचे दर ३.५ ते ३.७५ टक्क्यांच्या घरात असतात. तुमच्या कार्डाचा नेमका दर अर्जासोबतच्या एकपानी मुख्य माहितीपत्रकात असतो. सही करण्याआधी तेवढं पान तरी वाचाच.

सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं?

असं कार्ड नाही. आधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला खरं खरं द्या: दर महिन्याचं बिल पूर्ण भरणं जमणार आहे का? उत्तर "हो" असेल तरच पुढचं कॅशबॅक, पॉइंट, लाउंज हे सगळं वाचण्यात अर्थ आहे. "बहुतेक महिने जमेल" असं उत्तर असेल तर बक्षिसांचा विचार सोडा. वर्षातून दोन-तीनदा बिल अर्धवट राहिलं तरी वर्षभराचा कॅशबॅक व्याजात जातो आणि वर खिशातून पैसे द्यावे लागतात. अशा वेळी कमी मर्यादेचं, वार्षिक शुल्क नसलेलं एकच कार्ड ठेवावं. मोठ्या खर्चासाठी बँकेचं साधं वैयक्तिक कर्ज कितीतरी स्वस्त पडतं.

आपल्याला कोणतं कार्ड परवडेल, हे हिशेबाने कसं काढायचं?

जाहिरात बाजूला ठेवा आणि मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट व यूपीआयचा इतिहास काढा. खर्चाचे पाच-सहा ढीग करा: दुकानातला किराणा, ऑनलाइन खरेदी, पेट्रोल, वीज-गॅस-मोबाईल, विमा, हॉटेल आणि इतर. घरभाडं आणि शाळेची फी वेगळी लिहा. फीचा नियम कार्डागणिक बदलतो. भाड्याला तर बहुतेक कार्डांवर काही मिळत नाही, उलट ॲपमधून भाडं भरलं तर १ टक्क्याच्या आसपास शुल्क लागू शकतं.

एका घराचा खर्च असा धरू: किराणा ९,०००, ऑनलाइन ७,०००, पेट्रोल ४,०००, वीज-गॅस-मोबाईल ४,०००, विम्याचा महिन्याला पडणारा वाटा ३,०००, इतर दुकानं-हॉटेल ५,०००. एकूण महिन्याला ३२,००० रुपये.

पहिलं कार्ड म्हणतं, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के, बाकीवर १ टक्का, वार्षिक शुल्क ९९९ रुपये अधिक जीएसटी. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पेट्रोल, विमा आणि वीज-मोबाईलच्या बिलांवर काही नाही. मग ऑनलाइनचे ३५० आणि किराणा व इतर मिळून १४,००० वरचे १४०, असे महिन्याला ४९० रुपये. वर्षाला ५,८८०. शुल्क भरावं लागलं तर १,१७९ वजा होऊन ४,७०१ उरतात.

दुसरं कार्ड फुकट. पेट्रोल सोडून सगळ्यावर सरसकट १ टक्का. महिन्याला २८,००० वर २८० रुपये, वर्षाला ३,३६०.

पहिलं कार्ड पुढे आहे, पण किती? शुल्क माफ झालं तर वर्षाला २,५२० रुपये, नाही झालं तर १,३४१. आणि ज्याला सगळे "५ टक्केवालं कार्ड" म्हणतात, त्याने ३,८४,००० च्या एकूण खर्चावर दिलेला खरा दर १.५ टक्क्यांच्या आसपास आहे. हाच आकडा प्रत्येक कार्डासाठी काढा. शुल्क भरावं लागत असेल आणि ऑनलाइन खरेदी दोन हजारांवर आली तर हिशेब उलटा होतो, हे स्वतः आकडे घालून बघा.

कॅशबॅक जाहिरातीपेक्षा नेहमी कमीच का येतो?

कारणं ठरलेली आहेत. एक, महिन्याची किंवा बिलाची कमाल मर्यादा. ५ टक्के दर आणि महिन्याला १,००० ची मर्यादा असेल तर २०,००० च्या पुढच्या खर्चाला ५ टक्के मिळत नाहीत. दिवाळीत फ्रिज घेताना हे लक्षात येतं. दोन, वगळलेले प्रकार. पेट्रोल, वॉलेटमध्ये पैसे भरणं, भाडं, सरकारी भरणा आणि ईएमआय बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. विमा, शिक्षण, वीजबिल, दागिने यांचा नियम कार्डागणिक बदलतो. तीन, दुकानाचा कोड. प्रत्येक व्यापाऱ्याला व्यवसायानुसार चार अंकी कोड असतो आणि बँक तोच बघते, पाटी नाही. औषधाच्या दुकानाचं मशीन दुसऱ्याच कोडखाली नोंदलेलं असेल तर औषधांवरची सवलत मिळत नाही. याबद्दल बँकेशी भांडून सहसा काही हाती लागत नाही.

वस्तू परत केली की तिच्यावरचा कॅशबॅकही परत घेतला जातो. तो घोटाळा नव्हे.

पॉइंट चांगले की कॅशबॅक?

पॉइंटची संख्या बघू नका, एका पॉइंटची किंमत बघा. "१५० रुपयांना ४ पॉइंट" ऐकायला भरघोस वाटतं. पॉइंट २५ पैशांचा असेल तर १५० रुपयांवर १ रुपया, म्हणजे ०.६७ टक्के. तोच पॉइंट विमान कंपनीकडे वळवून १ रुपयाला जात असेल तर २.६७ टक्के. म्हणजे पॉइंट वर्षातून दोन-तीनदा विमानाने जाणाऱ्याच्या कामाचे, आणि तेही तक्ते बघत बसायची तयारी असेल तर. बाकीच्यांनी सरळ बिलातून वजा होणारा कॅशबॅक घ्यावा. पॉइंट घेतलेच तर तीन गोष्टी तपासा: मुदत (अनेक कार्डांवर दोन-तीन वर्षं), ते वापरताना लागणारं शुल्क (९९ रुपये अधिक जीएसटी असं काहीसं), आणि बँकेच्या कॅटलॉगमधल्या वस्तूंचे भाव. तोच मिक्सर बाहेर स्वस्त मिळतो का, एवढं पाहिलं तरी पुरे.

"लाइफटाइम फ्री" म्हणजे खरंच फुकट?

वार्षिक शुल्क नाही, एवढाच त्याचा अर्थ. उशीर, व्याज, रोख रक्कम काढणं, परदेशी चलन, ईएमआयची प्रक्रिया यांचे आकार लागतातच. विक्रेता तोंडी "फ्री" म्हणाला असेल तर तो "पहिलं वर्ष फ्री" म्हणतोय का, हे विचारा आणि मुख्य माहितीपत्रकात वार्षिक शुल्काच्या रकान्यात शून्य लिहिलंय का ते बघा. शुल्कमाफीसाठी खर्चाची अट असेल तर त्यात भाडं, वॉलेट, पेट्रोल धरतात की नाही, तेही तिथेच कळतं.

४५-५० दिवस बिनव्याजी मिळतात असं म्हणतात. मग मला २० दिवसच का मिळाले?

कारण मुदत खरेदीच्या तारखेवर ठरते. समजा बिल दर महिन्याच्या १५ तारखेला तयार होतं आणि भरायला २० दिवस मिळतात. १६ जुलैला घेतलेली वस्तू १५ ऑगस्टच्या बिलात येते, भरायची तारीख ४ सप्टेंबर, म्हणजे ५० दिवस. तीच वस्तू १५ जुलैला घेतली तर त्याच दिवशीच्या बिलात जाऊ शकते आणि ४ ऑगस्टला पैसे द्यावे लागतात. मोठी खरेदी बिलाच्या दुसऱ्या दिवशी करावी, एवढीच यातली युक्ती.

पगार १ तारखेला आणि देय तारीख २८ ला असेल तर दर महिन्याला ओढाताण होते. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने दिलेला आहे. ॲपवर पर्याय सापडला नाही तर ग्राहक सेवेला ईमेल करा आणि पगारानंतर चार-सहा दिवसांनी देय तारीख येईल असं बघा.

"किमान देय रक्कम" भरली तर काय बिघडतं?

उशिराचा दंड लागत नाही आणि क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर, थकबाकी दिसत नाही. बाकी बरंच बिघडतं.

५०,००० चं बिल आहे आणि तुम्ही ५ टक्के म्हणजे २,५०० भरले. पुढच्या महिन्यात साधारण १,८०० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३२४, असे २,१२४ लागतात. म्हणजे अडीच हजार भरून मूळ देणं जेमतेम ३७६ रुपयांनी कमी झालं. या वेगाने कार्ड मोकळं व्हायला किती वर्षं लागतील ते सांगायची गरज नाही.

याहून लक्षात न येणारा फटका वेगळाच. मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या महिन्यात २०,००० चा किराणा-कपडे कार्डावर घेतले, तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. महिनाभराचे ७२० आणि जीएसटी १३०. कॅशबॅक मिळाला २००. म्हणून एकदा बाकी राहिली की ते कार्ड वापरणं थांबवा, रोजचा खर्च बँक खात्यातून करा आणि आधी बाकी शून्यावर आणा. रक्कम मोठी असेल तर तिचे बँकेकडून हप्ते करून घ्या. तो दरही काही स्वस्त नसतो, पण कार्डाच्या वार्षिक ४३ टक्क्यांपेक्षा बराच कमी असतो.

कोर्टाने या दराला ३० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, असं अजूनही काही जण सांगतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा तसा निकाल २००८ चा. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

एक दिवस उशीर झाला तर?

देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकल्याशिवाय बँकेने उशिराचा दंड लावायचा नाही आणि क्रेडिट कंपन्यांना (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना) थकबाकीदार म्हणून कळवायचंही नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्याजाची सूट मात्र यात नाही. शिवाय दुसऱ्या ॲपवरून भरलेले पैसे कार्डावर जमा व्हायला कधीकधी दोन दिवस लागतात. म्हणून बँक खात्यातून आपोआप भरणा लावा. अर्जात "एकूण देय" आणि "किमान देय" असे दोन चौकोन असतात. पुष्कळ अर्जांत विक्रेता "किमान" वर खूण करून मोकळा होतो आणि आपण बिल पूर्ण जातंय या समजुतीत सहा महिने राहतो. खूण "एकूण देय" वरच हवी.

"नो कॉस्ट ईएमआय" मध्ये खर्च कुठून येतो?

३०,००० चा मोबाईल, सहा हप्ते, प्रत्येकी ५,०००. बँक व्याज घेतेच, फक्त विक्रेता तेवढी सूट किमतीत आधी देतो. वार्षिक १६ टक्के दर धरला तर व्याज सुमारे १,३५२ येतं आणि तेवढी सूट मिळते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४३ रुपये, तुमच्या बिलात येतो. प्रक्रिया शुल्क १९९ अधिक जीएसटी मिळून २३५. झाले ४७८ रुपये. शिवाय ईएमआयच्या खरेदीवर बहुधा कॅशबॅक नाही, आणि एकदम पैसे देणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो तीही गेली. हप्ते सोयीचे वाटत असतील तर जरूर घ्या, पण ४७८ मोजतोय हे माहीत असू द्या.

सोन्याच्या दागिन्यांची खरेदी ईएमआयमध्ये बदलता येत नाही. पाडव्याला किंवा धनत्रयोदशीला सराफाच्या काउंटरवर पोचल्यावर हे कळू नये म्हणून इथे लिहिलं.

सराफ कार्डावर २ टक्के जादा मागतो. द्यायचे का?

कार्ड स्वीकारण्याचा खर्च व्यापाऱ्याने ग्राहकाच्या माथी मारणं अपेक्षित नाही, त्याच्या बँकेकडे तक्रार करता येते. व्यवहारात मात्र दुकानातच निर्णय घ्यावा लागतो. २ लाखांच्या खरेदीवर ४,००० जादा देऊन १ टक्क्याने २,००० मिळवण्यात शहाणपण नाही. तिथे खात्यातून सरळ पैसे पाठवा. हाच विचार शाळेच्या फीला आणि ऑनलाइन बिलांनाही लागू. शेवटच्या पडद्यावर सुविधा शुल्क किती दाखवतात ते बघून मग कार्ड निवडा.

व्हिसा, मास्टरकार्ड की रुपे?

देशात रोजच्या वापराला कार्डाची ही तिन्ही नेटवर्क सारखीच. परदेशात व्हिसा आणि मास्टरकार्ड जास्त ठिकाणी चालतात. रुपेचं वेगळेपण म्हणजे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. सप्टेंबर २०२४ पासून १० लाखांहून जास्त कार्डं देणाऱ्या बँकांनी नवीन ग्राहकाला नेटवर्क निवडायला दिलं पाहिजे, असा नियम आहे. स्वतःच्याच नेटवर्कवर कार्ड देणाऱ्यांना, उदाहरणार्थ अमेरिकन एक्स्प्रेसला, तो लागू नाही. दोन कार्डं ठेवणार असाल तर एक रुपे आणि दुसरं व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठेवा. २०२१ मध्ये माहिती साठवण्याच्या नियमावरून रिझर्व्ह बँकेने मास्टरकार्डला नवी कार्डं द्यायला काही काळ मनाई केली होती. एकाच नेटवर्कवर सगळा भार नको तो अशासाठी.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयवर कुठे चालत नाही?

माणसाला पैसे पाठवायला. फक्त व्यापारी क्यूआरवर चालतं. किराणा दुकानातला बँकेने दिलेला, आवाज काढणारा डबा जोडलेला क्यूआर बहुधा व्यापारी असतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी मुलाच्या मोबाईल नंबरचा क्यूआर छापून लावलेला असेल तर तो वैयक्तिक. तिथे ॲप क्रेडिट कार्डाचा पर्याय दाखवतच नाही, किंवा दाखवून शेवटी व्यवहार फसतो. कार्डात किंवा मोबाईलमध्ये काही बिघाड नसतो. यूपीआयने केलेल्या खरेदीवर पॉइंट देण्याचे नियम बँकेगणिक वेगळे आहेत. या सोयीसाठीच कार्ड घेत असाल तर ते आधी वाचा. आणखी एक धोका: वीस-पन्नास रुपयांचे चहा-वडापाव कार्डावर जायला लागले की महिनाअखेर बिल ओळखू येत नाही.

पहिलंच कार्ड आहे, क्रेडिट स्कोअर नाही. मिळेल का?

पगाराचं खातं असलेल्या बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा. तिथे "पूर्वमंजूर" दिसत असेल तर सर्वांत कमी कागदपत्रांत काम होतं. तिथे नसेल, किंवा तुम्ही दुकानदार, शेतकरी, गृहिणी, विद्यार्थी असाल, तर मुदत ठेवीवरचं कार्ड हा सरळ मार्ग. ठेवीच्या ७५ ते १०० टक्के मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालू राहतं, उत्पन्नाचा पुरावा सहसा मागत नाहीत. ठेव मात्र कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. पतसंस्थेतली किंवा दुसऱ्या सहकारी बँकेतली ठेव इथे चालत नाही. बिल थकलं तर बँक ती ठेव मोडून घेते.

आखातातून किंवा अमेरिकेतून कायमचे परत आलेल्यांनाही हाच मार्ग सोयीचा. तिकडचा स्कोअर इकडे मोजत नाहीत आणि इथल्या रिपोर्टवर "इतिहास नाही" असं दिसतं. वर्षभर छोटी बिलं वेळेवर भरली की साध्या कार्डाचं दार उघडतं.

अर्ज नाकारला. लगेच दुसरीकडे करू का?

नको. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते आणि महिन्यात चार-पाच चौकशा दिसल्या की पुढची बँक बिचकते. नाकारण्याची कारणं लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ती मागा. मग रिपोर्ट काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात बघायचं काय? जुनं, आपण विसरून गेलेलं कर्ज "सेटल्ड" (तडजोडीने कमी रकमेत मिटवलेलं) म्हणून पडलं आहे का, कुणाला जामीन राहिलेलं कर्ज थकलं आहे का, नावाच्या स्पेलिंगमुळे दुसऱ्याचं खातं आपल्यात मिसळलं आहे का. चूक असेल तर त्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

सगळं स्वच्छ असून नकार आला असेल तर कारण पिनकोडही असू शकतं. काही बँका तालुक्याच्या किंवा गावच्या पत्त्यावर कार्ड देतच नाहीत.

बिल पूर्ण भरूनही स्कोअर कमी का झाला?

बहुधा वापराच्या प्रमाणामुळे. मर्यादा १ लाख आणि बिल ८०,००० असेल तर क्रेडिट कंपनीला ८० टक्के वापर दिसतो. तुम्ही ते चार दिवसांनी पूर्ण भरलं, तरी कळवण्याच्या दिवशीचा आकडा तोच. वापर ३० टक्क्यांच्या आत दिसेल असं बघा. मोठा खर्च झाला तर बिल तयार व्हायच्या आधीच काही रक्कम भरून टाका, किंवा बँक मर्यादा वाढवून देत असेल तर घ्या. ती वापरायची सक्ती नसते.

किती कार्डं असावीत?

बहुतेकांना दोन पुरतात. तिसऱ्यापासून देय तारखा लक्षात ठेवणं हेच काम होऊन बसतं.

लाउंजसाठी कार्ड घ्यावं का?

वर्षातून चार वेळा विमानाने जात असाल तर लाउंज ही जमेची बाजू, एवढंच. आता पुष्कळ कार्डांवर मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच प्रवेश मिळतो. नव्या कार्डावर लगेचच्या प्रवासाला तो मिळेल, हे गृहीत धरू नका.

परदेशी जायचं आहे. कोणतं कार्ड?

चलन रूपांतराचा आकार बघा. नेहमीच्या कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि जीएसटी धरून ४.१३ टक्के होतो. १ लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये. २ टक्केवाल्या कार्डावर २,३६०, आणि शून्य आकाराची कार्डंही बाजारात आहेत. तिकडच्या दुकानात मशीन "रुपयात भरायचं का?" असं विचारतं. तिथे नाही म्हणा आणि तिथलंच चलन निवडा, नाहीतर दुकानाच्या बाजूचा महागडा दर लागतो. निघण्याआधी ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा. नव्या कार्डांवर तो बंदच असतो.

रोख पैसे काढता येतात ना?

येतात, पण काढू नका. रकमेच्या २.५ टक्के किंवा किमान ५०० रुपयांच्या आसपास शुल्क आणि काढल्या दिवसापासून व्याज. कार्ड घासून रोख देणाऱ्या दुकानदाराच्या नादी तर अजिबात लागू नका. ते नियमबाह्य आहे आणि बँकेच्या लक्षात आलं की कार्ड बंद होतं.

मित्राची खरेदी माझ्या कार्डावर केली तर चालेल?

कॅशबॅकच्या मोहात हे सर्रास चालतं. दोन गोष्टी विसरू नका. मित्राने पैसे दिले नाहीत तरी बिल तुमचंच. आणि वर्षभरात कार्डाची बिलं १० लाखांवर गेली, किंवा १ लाख वा त्याहून जास्त बिल रोखीने भरलं, तर ती माहिती बँक प्राप्तिकर खात्याला देते. उत्पन्न ८ लाख दाखवलेल्या माणसाने १४ लाखांची बिलं भरलेली दिसली की विचारणा होऊ शकते.

कार्ड हातात आलं. पहिल्या दिवशी काय करायचं?

पाकीट फाटलेलं नाही ना ते बघा. ॲपमधून पिन ठेवा. मग कार्डाच्या नियंत्रणांत जा: ऑनलाइन वापर चालू, त्याला रोजची मर्यादा, परदेशी वापर बंद, एटीएममधून रोख बंद. टेकवून पैसे देण्याची सोय हवी असेल तरच चालू करा, कारण ५,००० पर्यंत त्याला पिन लागत नाही. आपोआप भरणा "एकूण देय" वर लावा. शेवटी पहिलं बिल आलं की ओळ न् ओळ वाचा. न मागितलेला विमा किंवा "कार्ड संरक्षण योजना" घुसवली असेल तर ती इथेच सापडते.

मी न मागता कार्ड आलं. काय करू?

चालू करू नका, ओटीपी देऊ नका. न मागता कार्ड देण्याला बंदी आहे. ते चालू करून बिल लावलं तर बँकेला ते रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. मागितलेलं कार्डही ३० दिवसांत चालू केलं नाही, तर बँकेने ओटीपीने तुमची संमती घ्यायची आणि ती न मिळाल्यास सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं.

कार्डावर फसवणूक झाली तर पैसे परत मिळतात?

कळवायला किती वेळ लावला, यावर ते ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या कार्डाला कमाल १०,००० आणि त्यावरच्या कार्डाला २५,००० रुपये. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून क्रम असा: ॲपमधून कार्ड गोठवा, बँकेच्या कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर तक्रार करून नोंद क्रमांक घ्या, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. गूगलवर शोधलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करू नका. त्यात दुसऱ्यांदा फसलेले कमी नाहीत. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते.

ज्या सवलतीसाठी कार्ड घेतलं तीच बँकेने काढून टाकली.

हे होत राहणार. शुल्क बदलायचं तर बँकेने किमान एक महिना आधी कळवायचं असतं, आणि बदल पटला नाही तर जादा आकार न देता कार्ड परत करता येतं. दरवर्षी शुल्क लागण्याच्या महिनाभर आधी वरचा खर्चाचा हिशेब पुन्हा मांडा. शुल्क माफ करण्याची विनंतीही तेव्हाच करा. वर्षभर बऱ्यापैकी खर्च असेल तर अनेकदा ती मान्य होते.

कार्ड बंद कसं करायचं?

आधी पॉइंट वापरून घ्या, चालू ईएमआय संपवा, कार्डावर लावलेले मोबाईल, ओटीटी, विमा यांचे आपोआप भरणे दुसरीकडे हलवा आणि बाकी शून्य करा. मग ॲप किंवा ईमेलने विनंती करा. फोनवर केली तर विनंती क्रमांक मागा. थांबवण्यासाठी समोरून जास्त मर्यादा, शुल्कमाफी असं बरंच काही येतं. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. सर्वांत जुनं कार्ड फुकटचं असेल तर मात्र ते बंद करू नका. त्याच्यामुळे रिपोर्टवरचा इतिहास लांबतो. तीन-चार महिन्यांतून एकदा त्यावर मोबाईल रिचार्ज मारा, कारण वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक कळवून बंद करू शकते. बंद केलेल्या कार्डाचं "थकबाकी नाही" हे पत्र पीडीएफमध्ये जपून ठेवा आणि दोन महिन्यांनी रिपोर्टवर ते खातं "बंद" दिसतंय का ते पाहा.